एक झाकण द्राक्षासव

पहाटे साडेचारला आप्पासाहेब होवाळ उठायचे. गजर लावायचे नाहीत. माधवनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक घड्याळ होतं, पण ते भिंत बरी दिसावी म्हणून. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या रात्रीच येऊन उभ्या राहतात. सौदे सुरू व्हायच्या आत माल उतरून, थप्पी लागून, दुकानापुढची जागा झाडून व्हावी लागते. हमाल उशिरा आला तर गाडी त्याच्यासाठी थांबत नाही, दुसरा हमाल बघते. आप्पासाहेबांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पुन्हा कळायची वेळ त्यांनी उभ्या नोकरीत येऊ दिली नाही.

नावातलं साहेब आजोबांनी हौसेनं घातलेलं. बाकी सगळी हमाली.

हळदीचं पोतं धान्याच्या पोत्यासारखं अंगाला बसत नाही. आत हळकुंडं असतात, ती पाठीत टोचतात. दोघांनी वरून द्यायचं आणि खाली वाकलेल्यानं श्वास सोडून घ्यायचं. वजन पाठीच्या रुंद भागावर आलं पाहिजे. मानेवर आलं तर माणूस थोड्याच वर्षांत संपतो. आधी पाय रोवायचा, मग पोतं घ्यायचं. उलटं करणारे पुष्कळ येतात आणि पुष्कळ जातात. आप्पासाहेबांची पाठ शेवटपर्यंत सरळ राहिली, त्याचं कारण एवढंच. कुणी त्याला नशीब म्हणालं तर त्यांना राग यायचा.

संध्याकाळी यार्ड सुटलं की बाकीचे मागच्या रस्त्यावरच्या गुत्त्याकडं वळत. अंग आंबलंय, औषध घ्यायला पाहिजे, असं त्याला नाव. आप्पासाहेब सरळ सायकलवर बसून घरी. म्हणून यार्डात त्यांना माघारी 'कोरडा आप्पा' म्हणत. पुढं पुढं समोरही म्हणायला लागले. त्यांच्या वडलांनी आयुष्यात एवढी पिऊन ठेवली होती की दोन पिढ्यांना पुरावी, असं आप्पासाहेब शांतपणे सांगत, आणि विषय संपे.

रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना घ्यायचं काम त्यांच्याकडं. पाच शीलं म्हणताना पहिली चार सगळे एका दमात म्हणत. पाचवं दारू आणि नशेपासून लांब राहण्याचं. ते आलं की मागच्या ओळीतले काही आवाज बारीक होत. आप्पासाहेबांचा होत नसे. उलट जरा चढे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी. बारावीला तिनं भौतिकशास्त्र आणि गणित घेतलं, कारण ते दोन विषय असल्याशिवाय वैमानिकाच्या परवान्याला बसता येत नाही, असं तिनं वाचलं होतं. घरी सांगितलं तेव्हा आप्पासाहेब पाय धूत होते. हळद टाचेच्या भेगांतून लवकर निघत नाही.

"ह्याला शिकायला कष्ट किती?" त्यांनी विचारलं.

"लय आहेत, आप्पा."

"मग कर."

बायको बनाबाई म्हणाली, "आवं, पैशाचं विचारा की आधी."

पैशाचं उत्तर शिष्यवृत्तीनं दिलं. मात्र त्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि मग पुन्हा उत्पन्नाचा दाखला काढायला जेवढे हेलपाटे झाले, तेवढ्यात एखाद्यानं घरी विमान बांधलं असतं. मुलीला कराडजवळच्या धावपट्टीवर एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत जागा मिळाली. शिकवण्याचा खर्च शिष्यवृत्तीचा. खोलीचं भाडं, डबा, परीक्षांची फी आणि तपासण्यांसाठी लांब लांब जाणं हे हळदीच्या पोत्यांचं.

यार्डात ही बातमी पहिल्यांदा बिराप्पाला कळली. बिराप्पा जतकडचा. पोतं पाठीवर द्यायला आप्पासाहेबांना त्याच्यासारखा जोडीदार दुसरा नव्हता, आणि बोलायलाही तोच.

"पोरीला इमानाचं लायसन काढायचंय," आप्पासाहेब म्हणाले.

"एजंट कोण हाय?"

"एजंट न्हाई. परीक्षा अस्ती. दिल्लीचं खातं घेतंय."

"दिल्लीत बी एजंट असतोय की गड्या. इचारून बघ."

"न्हाई रं. आधी डॉक्टर तपासतोय. डोळं, कान, काळीज, रक्त. त्यात पास झाली तर पुढं. आन् एकदा होऊन चालत न्हाई. दर साली."

बिराप्पानं थप्पीला टेकून विचार केला. "म्हंजे ट्रकासारखं पासिंग."

"तसंच."

"आन् ट्रायलला काय? वर आठ काढायचा असतोय काय?"

हा प्रश्न आप्पासाहेबांनी रविवारी फोनवर मुलीला जसाच्या तसा विचारला. ती हसली नाही. म्हणाली, "आठ नाही, चौकोन. धावपट्टीवरून उठायचं, डावीकडं वळायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा वळायचं आणि होतं तिथं उतरायचं. शंभर वेळा." सोमवारी बिराप्पाला उत्तर मिळालं. त्याला ते पटलं. गाडीपासून थप्पीपर्यंत आणि थप्पीपासून गाडीपर्यंत आपणही तेच काढतो, फक्त आपल्याला कुणी लायसन देत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

यार्डातल्या माणसांना एकच लायसन माहीत होतं. लर्निंग काढायचं, महिन्यानं पक्कं करायचं, संपलं. प्रियदर्शनीचं संपतच नव्हतं. आधी विद्यार्थ्याचा परवाना. तो मिळाला की शिक्षकाच्या नजरेखाली एकट्यानं उडता येतं, पण कुणाला सोबत नेता येत नाही. मग लेखी परीक्षा. वाऱ्यापावसाची वेगळी, वाट काढायची वेगळी, कायद्याची वेगळी, इंजिनाची वेगळी. वर बोलायचा रेडिओ, त्याचाही वेगळा परवाना. दोनशे तास उड्डाण, त्यातले निम्मे आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर. प्रत्येक तास वहीत, प्रत्येक पानावर सही. आप्पासाहेबांना ही सगळी रीत फार आवडली. कष्ट केले की ते कुठंतरी लिहून ठेवतात, सही करतात आणि पुढं मानतात, असं खातं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

वस्तीला मात्र इतका दम नव्हता. प्रियदर्शनीनं पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरवलं, त्याच आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. 'पायलट प्रियदर्शनी होवाळ यांचे हार्दिक अभिनंदन'. तिच्या मागं लढाऊ विमान, दोन्ही पंखांखाली बॉम्ब. खाली शुभेच्छुकांचे फोटो, ते तिच्यापेक्षा मोठे. फ्लेक्स लावणारा प्रथमेश हा वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष. सुट्टीला आलेली प्रियदर्शनी त्याला म्हणाली, "अरे, मी अजून पायलट नाही. विद्यार्थी आहे."

"ताई, एवढं सगळं फ्लेक्सवर मावत नाही."

"आणि ते बॉम्ब काढ."

"ते फोटोतच होते."

फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला तरी ती विद्यार्थीच राहिली. लोक विचारायचे, "काय आप्पा, उडालं का पोरीचं इमान?" आप्पासाहेब सांगायचे, "तास भरत्यात." लोकांना वाटायचं, काहीतरी लपवतात.

तासही भरत आले. औंधच्या टेकडीवरचं यमाईचं देऊळ डाव्या पंखाखाली आलं की रहिमतपूरची रेल्वे शोधायची, हे तिला आता नकाशा न बघता जमत होतं. शेवटी एक मोठी गोष्ट राहिली. नेमलेला परीक्षक बाहेरून येणार होता. तो शेजारी बसणार, ती विमान उडवणार आणि तो बघणार. तो बरं म्हणाला की कागद दिल्लीला जायचे. त्याची तारीख मिळायलाच दोन महिने लागले होते. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात वर्षाची वैद्यकीय तपासणी. मागच्या तपासणीत डॉक्टरनं पास केलं होतं, पण रक्त काठावर आहे, सांभाळा, असं म्हणून सोडलं होतं.

हे रक्ताचं प्रकरण बनाबाईच्या मनातून जाईना.

"मेसमधलं खाऊन रक्त कुठनं हुतंय," ती म्हणाली. "तिला काय तरी द्या नेऊन."

"गोळ्या दिल्यात डॉक्टरनं."

"गोळ्यांनी भूक मरती. भूक लागंल असं काय तरी बघा."

आप्पासाहेब सांगलीत गणपती पेठेत गेले. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात त्यांनी विचारलं, मुलीला अशक्तपणा आहे, भूक लागत नाही, काय द्यावं. दुकानदारानं मागं न बघता बाटली काढली. द्राक्षासव. ह्या भागात द्राक्षासवाला कुणी नाव ठेवत नाही. तासगाव तिथंच. द्राक्षं डोळ्यांसमोर पिकतात, बेदाणे डोळ्यांसमोर वाळतात. बाळंतिणीला देतात, आजारातून उठलेल्याला देतात, परीक्षेला बसलेल्या पोरालाही देतात. आप्पासाहेबांनी बाटली घेतली. लेबल वाचलं नाही असं नाही. पुढचं मोठं लेबल पूर्ण वाचलं. भूक वाढते, थकवा जातो, रक्त सुधारते. मागचं बारीक होतं.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी यार्डात रजा घेतली. नोकरीत रजा घ्यायची सवय नव्हती, त्यामुळं मुकादमानं आजारी आहे का विचारलं. पुतण्याची मोटरसायकल घेऊन ते अंधारातच निघाले. इस्लामपूर मागं टाकलं, पेठ नाक्याला महामार्गाला लागले आणि उजाडता उजाडता धावपट्टीच्या फाटकाशी पोचले. डब्यात बनाबाईनं भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. प्रियदर्शनी पांढऱ्या गणवेशात बाहेर आली. खांद्यावर पट्टी होती, एकच.

"आप्पा, कशाला आलात एवढ्या लांब. मी चहा-पोहे खाल्लेत."

"भाकरी मागनं खा. हे आधी घे."

"काय आहे?"

"औषध. रक्ताचं. द्राक्षाचं हाय."

"आता नको. वास येतोय त्याला."

"औषधाला वास असतोयच." आप्पासाहेबांनी झाकण भरलं, स्वतः प्यायले आणि म्हणाले, "बघ. गोड हाय." मग पुन्हा भरलं आणि तिच्यापुढं धरलं. मुलगी सरळ, वडील लांबून आलेले, हात पुढं केलेला. तिनं घेतलं. ती गिळेपर्यंत ते उभे राहिले. लहानपणी खोकल्याचं औषध देताना उभे राहायचे तसेच. मग ती आत गेली.

विमानाला हात लावायच्या आधी प्रत्येकानं एका यंत्रात फुंकायचं असतं. शिक्षक असो, विद्यार्थी असो. कॅमेऱ्यासमोर. नळी प्रत्येकाला नवी. यंत्रावर शून्य आलं पाहिजे. शून्य म्हणजे शून्य, जवळपास नाही. प्रियदर्शनी दोन वर्षं रोज फुंकत होती आणि रोज शून्य येत होतं. ती इतकी सवयीची गोष्ट की फुंकून ती नेहमी यंत्राकडं न बघता सहीला वळायची. त्या दिवशीही वळली.

"थांब," तपासणीवरची संयोगिता मॅडम म्हणाली.

आकडा होता.

फाटकाशी मोटरसायकल पुसत उभ्या असलेल्या आप्पासाहेबांना शिपाई बोलवायला आला. आत गेले तर मुलगी खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर. रडत नव्हती. चेहरा पोतं मानेवर आलेल्या माणसाचा होतो तसा.

"तुम्ही वडील?" संयोगिता मॅडमनं विचारलं. "हिच्या श्वासात दारू दिसते आहे."

आप्पासाहेबांना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाविषयी बोलतात. त्यांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"बाई, काय तरी चुकतंय," ते म्हणाले. "आमच्या घरात थेंब येत न्हाई. मी पंचशील घेतो विहारात."

"काका, यंत्राला विहार कळत नाही. मी सांगते ते ऐका. हिनं आता पाण्यानं तोंड धुवायचं. वीसेक मिनिटं इथंच बसायचं, काही खायचं-प्यायचं नाही. मग पुन्हा फुंकायचं. शून्य आलं तर उडायला मोकळी. पुन्हा आकडा आला तर परवाना तीन महिने बंद. नोंद दिल्लीला जाते, आणि पुढं नोकरीला जाईल तिथं ती नोंद वाचतात. कायम." तिनं प्रियदर्शनीकडं बघितलं. "काय घेतलंस सकाळी? माउथवॉश? होमिओपॅथी?"

प्रियदर्शनी बोलली नाही. तिला कळलं होतं. सांगितलं तर आप्पांनी दिलं असं म्हणावं लागणार होतं. ती गप्प बसलेली बघून आप्पासाहेबांना कळलं. पिशवीतली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

संयोगिता मॅडमनं बाटली उचलली आणि थेट मागची बाजू वाचली. मग आप्पासाहेबांना दाखवली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की या औषधात आपोआप तयार झालेला मद्यार्क आहे. किती तेही लिहिलं होतं.

"हे कुणी दिलं?"

"मी. हातानं. नको म्हणत हुती."

"किती?"

"एक झाकण."

"तुम्ही घेतलं का?"

"व्हय. गोड हाय का बघाय."

तिनं कपाटातून नवीन नळी काढली. "फुंका."

"मी?"

"बाटलीनं झालंय का आणखी कशानं, ते मला लिहावं लागतंय. फुंका, लांब, मी थांब म्हणेपर्यंत."

आप्पासाहेबांची छाती भरलेली. त्यांनी असं फुंकलं की मॅडमला थांब म्हणायला हात वर करावा लागला. आकडा आला. मुलीपेक्षा मोठा. मॅडमनं यंत्र त्यांच्याकडं फिरवलं. बघा, असं म्हणाली नाही, पण फिरवलं. यार्डातल्या माणसांनी आयुष्यभर एवढं ओतून जे सिद्ध केलं नव्हतं ते आप्पासाहेबांनी एका झाकणात केलं. सरकारमान्य यंत्रावर, कॅमेऱ्यासमोर, गणवेशातल्या बाईच्या साक्षीनं. कोरडा आप्पा ओला निघाला.

"आता बाहेर बसा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही लगेच मोटरसायकल चालवू नका."

बाहेर बाक होता. आप्पासाहेब बसले. समोर धावपट्टी, तिच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. ती मघाशी मेलेली होती, आता हलायला लागली होती. वारा आडवा वाढला तर परीक्षक थांबणार नाही, हे मुलीनं फोनवर कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं. वाट बघण्यात कष्ट नसतात असं त्यांचं मत होतं. पोतं नाही, गाडी नाही, नुसतं बसायचं. त्या बाकावर त्यांनी ते मत बदललं. शर्ट पाठीला चिकटला. उभ्या यार्डात एवढा घाम त्यांना दुपारी येत असे.

त्यांच्या डोक्यात एकच चालू होतं. दोनशे तास तिचे. सगळ्या सह्या तिच्या. आणि एक झाकण आपलं.

बाकाशेजारी परीक्षक येऊन उभा राहिला. तो परीक्षक आहे हे आप्पासाहेबांना माहीत नव्हतं. त्यानं घड्याळ बघितलं, वाऱ्याची पिशवी बघितली आणि विचारलं, "कुणासाठी थांबलात?"

"पोरीसाठी."

"मीही."

मग आतून शिपाई आला आणि परीक्षकाला म्हणाला, "सर, शून्य. तयार आहेत."

आप्पासाहेब बाकावरून उठून उभे राहिले.

प्रियदर्शनी बाहेर आली. वडलांकडं बघून नुसती मान हलवली आणि विमानाकडं गेली. चालताना एकदा थांबून विमानाभोवती पूर्ण फेरी मारली, पंखाखाली वाकली, चाकं बघितली, तेल बघितलं. कुठलीही गोष्ट सोडली नाही. उशीर झालाय म्हणून घाई केली नाही. हे बघून आप्पासाहेबांचा श्वास जरा खाली आला.

विमान उठलं. आप्पासाहेबांनी मान वर करून नजर त्यावर रोवली. चौकोन काढताना बघितलं, लांब जाऊन बारीक होताना बघितलं, परत येऊन टेकून पुन्हा उठताना बघितलं. प्रत्येक वेळी टेकताना त्यांचे पाय जमिनीत रुतत होते. शेवटी विमान उतरलं, थांबलं, दार उघडलं आणि आतून दुसराच मुलगा उतरला. सगळी विमानं पांढरी, सगळ्यांवर निळी रेघ. प्रियदर्शनीचं विमान केव्हाच उतरून हँगरच्या मागं उभं होतं आणि ती आतल्या खोलीत बसून सही घेत होती. तासभर त्यांनी कुणा दुसऱ्याच्या पोराची काळजी वाहिली होती.

ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, "झालं."

"पास?"

"पास."

"तुला माझा राग आला असंल."

"आला होता. वर गेल्यावर वेळ मिळाला नाही." ती बाकावर बसली. "भाकरी द्या आता."

पिशवीतून डबा काढताना बाटली आडवी आली. आप्पासाहेबांनी ती पिशवीच्या तळाला घातली.

घरी त्यांनी बनाबाईला सगळं सांगितलं. लपवलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी महिनाभर दिलं, तवा मी पीतच हुते म्हणा." तिनं बाटली उचलली, बघितली आणि फेकून दिली नाही. औषध होतं, पैसे मोजलेले होते. आप्पासाहेबांनी ती दुसऱ्या दिवशी दुकानात परत नेली. दुकानदार म्हणाला, उघडलेली घेत नाही.

यार्डात त्यांनी फक्त बिराप्पाला सांगितलं. बिराप्पानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं, मगच ऐकलं. हसला नाही. म्हणाला, "मी सांगत हुतो, औषध घेत जा. आमच्या औषधावर तरी खरं लिहिल्यालं असतंय." पुढच्या रविवारी विहारात पाचवं शील म्हणताना आप्पासाहेबांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली होता. मागच्या ओळीला वाटलं, घसा बसलाय.

परवाना दिल्लीहून आला. वस्तीत पुन्हा फ्लेक्स लागला, तोच मजकूर. बॉम्ब मात्र ह्या वेळी नव्हते. लोकांना कळेना, ही पायलट तर मागंच झाली होती. आणि पुन्हा तेच झालं. परवाना मिळाला पण विमान मिळालं नाही. प्रवासी विमान चालवायला त्या त्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण, वेगळा शेरा.

"म्हंजे लायसन हाय, गाडी न्हाई," बिराप्पा म्हणाला.

"गाडी बी हाय. पण ती खोलीत हाय. उडत न्हाई. नुसती हलती. त्यात बसून शिकायचं."

"आन् पैसे उडणाऱ्याचं घेत्यात?"

"व्हय."

"शिकल्याली माणसं करत्यात ते," बिराप्पा म्हणाला आणि पोतं घेतलं.

एक वर्ष प्रियदर्शनीनं त्याच संस्थेत नव्या पोरांना हवामान शिकवलं. मग एका कंपनीनं परीक्षा घेऊन तिला निवडलं आणि खोलीतल्या विमानात बसवलं. आता ती उजवीकडच्या खुर्चीत बसते. डावीकडं कॅप्टन. तिथं बसायला आणखी मोठा परवाना, दीड हजार तास. ती भरते आहे. कामावर गेली की आधी यंत्रात फुंकते, मग पुढचं. जोवर उडेल तोवर.

आप्पासाहेब निवृत्त झाले त्या दिवशी यार्डात नारळ, शाल, पेढे झाले. बिराप्पानं सगळ्यांदेखत विचारलं, "शेवटच्या पगाराचं काय घेणार, कोरडे आप्पा? पोरीच्या इमानात बसणार?" कुणी म्हणालं गाडी घ्या, कुणी म्हणालं बायकोला काहीतरी करा. आप्पासाहेब म्हणाले, बघतो.

त्यांनी श्वासातली दारू मोजायचं यंत्र मागवलं. हातात मावेल एवढं, नळ्यांच्या पाकिटासकट. संस्थेतल्याच जातीचं, बाजारातलं हलकं नव्हे. तथागतांच्या फोटोखालच्या फळीवर त्याची जागा आहे. मुलगी सुट्टीला येणार असली की आठवडाभर आधी काम सुरू होतं. बनाबाई आंबील करते, आप्पासाहेब चमचाभर खाऊन फुंकतात. लोणच्याची बरणी उघडली की फुंकतात. पिकलेली द्राक्षं, खोकल्याचं औषध, शेजारणीनं दिलेला मुरंबा, सगळं आधी त्यांच्या पोटातून जातं. यंत्रावर काही आलं तर ती वस्तू घराबाहेर. एकदा आंबीलच बाहेर गेली. बनाबाई दोन दिवस बोलली नाही.

वस्तीतले काहीजण संध्याकाळी येऊन आमचंही बघा म्हणतात. आप्पासाहेब नाही म्हणतात. नळ्या मोजक्या आहेत.

पहाटे साडेचारला त्यांना अजून जाग येते. गाड्या उतरायच्या नसतात. ते पाय धुतात, फळीवरचं यंत्र घेतात आणि लांब फुंकतात.

"शून्य," ते सांगतात.

बनाबाई अंथरुणातूनच म्हणते, "मला ठावं हाय. झोपा आता."